परकोट आखणारा कुत्रा

आमच्या चांद्याच्या मुलाला इतिहासाचा पहिला धडा शाळेत मिळत नाही. तो आजीच्या मांडीवर मिळतो. आणि त्या धड्यात राजा नंतर येतो. आधी येतो एक ससा आणि एक कुत्रा. पुण्या-मुंबईच्या मुलांना हे सांगितले तर ती हसतील. पण आम्हां चांदेकरांना त्यात हसण्यासारखे काही वाटत नाही. ज्या शहराचा परकोट कुत्र्याच्या पावलांवरून आखला गेला, त्या शहरात माझा जन्म झाला, आणि लहानपणी मला त्याचा फार अभिमान होता. तो अभिमान एकदा चांगलाच नडला. दिवाळीच्या फराळाबरोबर तीच हकीकत वाचकांपुढे ठेवावी म्हणतो.

आधी आजीची गोष्ट. पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात वर्धेच्या काठी बल्लारपुरात खांडक्या बल्लाळशाह नावाचा गोंड राजा राज्य करीत होता. राजा शूर, पण अंगभर फोडांनी हैराण झालेला. वैद्य थकले, मांत्रिक थकले. एके दिवशी शिकारीच्या नादात तो झरपट नदीच्या कोरड्या पात्रात आला. तहान लागली होती. एका खळग्यात थोडे पाणी झिरपत होते. तो प्यायला, हातपाय धुतले आणि परतला. त्या रात्री कित्येक वर्षांनी त्याला शांत झोप लागली. सकाळी राणीने पाहिले तर फोड ओसरलेले. राणी मोठी चतुर. तिने विचारपूस केली, राजाला घेऊन त्या जागी गेली, गवत-वाळू बाजूला करवली, तो खडकात गाईच्या खुरांसारखे पाच खळगे आणि त्यांत न आटणारे पाणी! हेच आमचे अंचलेश्वराचे स्थान. राजाने तिथे देऊळ बांधायला घेतले.

देवळाचे काम पाहून एके दिवशी राजा परतत होता. बरोबर त्याचा कुत्रा होता. एवढ्यात झुडपातून एक ससा निघाला आणि कुत्र्याच्या मागे लागला. कुत्रा सशाच्या मागे नव्हे; ससा कुत्र्याच्या मागे! राजा थक्क झाला आणि त्याने घोडा त्यांच्यामागे घातला. कुत्रा मोठे वर्तुळ घेत पळत होता, ससा आडवे-तिडवे कापत त्याला गाठू पाहत होता. एका ठिकाणी सशाने त्याला धरलेही, पण कुत्रा सुटला. अखेर जिथून धाव सुरू झाली होती त्या जागेजवळ येताच कुत्रा उलटला आणि मोठ्या झटापटीनंतर त्याने सशाला मारले. राजाने जवळ जाऊन पाहिले, तर सशाच्या कपाळावर चंद्रासारखा पांढरा ठिपका. राणीला त्याने सारे सांगितले. ती म्हणाली, हा शुभशकुन आहे. कुत्रा ज्या वाटेने धावला त्या वाटेने तट बांधा आणि आत शहर वसवा. जिथे सशाने कुत्र्याला गाठले आणि जिथे कुत्र्याने सशाला मारले, त्या दोन जागी खास बुरूज घाला. कारण दुसरी जागा पुढे शहराला धोक्याची ठरेल.

इंग्रज अमदानीत मेजर ल्युसी स्मिथ यांनी १८६९ च्या आपल्या जमाबंदी अहवालात ही दंतकथा नोंदवली आणि तेव्हापासून ती गॅझेटियरांतून फिरते आहे. इतिहासाचा अभ्यासक म्हणेल, यात नवल ते काय? १३३६ च्या विजयनगराच्या स्थापनेची गोष्टही हीच, हरिहर-बुक्कांच्या शिकारी कुत्र्यांवर उलटलेल्या सशाची. १४११ साली अहमदशाहाने साबरमतीच्या काठी अहमदाबाद वसवले, तिथेही हाच ससा आणि हाच कुत्रा. ज्या मातीत ससाही कुत्र्यावर धावून जातो ती माती शूरांची, असा या कथांचा अर्थ. म्हणजे आमचा ससा बराच फिरलेला होता! पण चांद्याच्या कथेत एक गोष्ट आहे, जी मला पुष्कळ वर्षे दिसली नाही. ती मी शेवटी सांगेन.

परकोट मात्र दंतकथा नाही. एका राजाने आखलेला तो पुरा व्हायला पुढच्या कित्येक राजांचा काळ गेला. जटपुरा, अंचलेश्वर, पठाणपुरा आणि बिनबा असे चार दरवाजे. चोर, विठोबा, हनुमान, मसाण आणि बगड अशा पाच खिडक्या. पश्चिमेला इरई, पूर्वेला झरपट. या दोन नद्यांना पूर आला की तटाची खरी किंमत कळते. १७५१ मध्ये नागपूरकर भोसल्यांनी चांदा घेतला, १८१८ मध्ये इंग्रजांनी तोफा लावून तटाला भगदाड पाडले, १९६४ च्या सुमारास चांद्याचे चंद्रपूर झाले, १९८२ मध्ये जिल्ह्याचा पूर्वेकडचा मोठा भाग वेगळा होऊन गडचिरोली जिल्हा झाला. पण गोंड राजांचा तट अजून उभा आहे. मध्यंतरी त्यावर झाडेझुडपे माजली होती. २०१७ पासून इको-प्रो या संस्थेच्या तरुणांनी रोज सकाळी श्रमदान करून तो मोकळा केला, तेव्हा माझ्यासारख्या म्हाताऱ्याला पुन्हा एकदा तटावर पाय ठेवता आला.

लहानपणी मी त्या तटावर रोज जात असे, आणि माझ्याबरोबर आमचा मोती. मोती गावठीच होता. तांबूस अंग, एक कान उभा, एक पडलेला. त्याला साखळी ठाऊक नव्हती. माझे वडील शाळामास्तर. त्यांना गोंड राजांचा इतिहास पाठ, आणि गल्लीत कोणी म्हटले, “मास्तर, कुत्रा बांधत जा ना,” की ते हसून म्हणत, “अहो, चांद्याचा कुत्रा बांधायचा नसतो. याच्या पूर्वजाने हे शहर आखले आहे!” लोकही हसत. विनोद चांगला होता. शिवाय मोतीने कधी कोणाला काही केले नव्हते. आपल्या कुत्र्याबद्दल प्रत्येक मालकाचे हेच मत असते, हे मला पुढे कळले.

१९६६ सालची गोष्ट. मी दहा वर्षांचा होतो. भाऊबीज नुकतीच आटोपली होती. शेजारच्या काकूंचा धाकटा, असेल पाच-सहा वर्षांचा, हातात चकली घेऊन आमच्या ओट्यापुढून पळत चालला होता. मागे कोणीतरी उरलेला फटाका लावला. आवाज झाला, मूल ओरडले, मोती दचकून उठला आणि त्याने मुलाच्या पोटरीचा लचका घेतला. सगळे एका क्षणात झाले. मी तिथेच उभा होतो. चकली रस्त्यावर पडली होती आणि तिच्या शेजारी रक्ताचे थेंब.

आजच्या वाचकांना तेव्हाच्या भीतीची कल्पना यायची नाही. कुत्रे चावले म्हणजे पोटात चौदा इंजेक्शने, रोज एक. ही लस कसौलीला डेव्हिड सेम्पल यांनी १९११ मध्ये सिद्ध केली होती. मेंढीच्या मेंदूपासून ती तयार होई. मोठी सुई, मोठा डोस आणि पोटावर बसायला जागा उरू नये इतक्या गाठी. क्वचित कोणाला त्या लशीनेच लकवा होई. तरी लोक ती घेत, कारण रेबीजची लक्षणे एकदा दिसली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. तेव्हाही नाही आणि आजही नाही. तसे पाहिले तर ही सोय म्हणजे मोठे भाग्यच होते. १८८५ च्या जुलैत पॅरिसला लुई पाश्चरने नऊ वर्षांच्या जोसेफ माइस्टरला पहिल्यांदा लस टोचली, तोवर पिसाळलेल्या कुत्र्याच्या चाव्यावर जगात कुठेच उपाय नव्हता. डाग देत, मंत्र घालत आणि वाट पाहत. आपल्या देशात कसौलीची संस्था १९०० मध्ये निघाली, आणि सुरुवातीला हिंदुस्थानच्या कानाकोपऱ्यातून माणसे आगगाडीने त्या डोंगरावर जात. आमच्या गल्लीतल्या मुलाला निदान गावातल्या दवाखान्यात जाऊन भागणार होते.

डॉक्टरांनी दोन गोष्टी सांगितल्या. इंजेक्शने आजच सुरू करा, आणि कुत्रा मारू नका. दहा दिवस बांधून त्याच्यावर लक्ष ठेवा. चावतेवेळी कुत्र्याच्या लाळेत रोग असेल तर तो दहा दिवसांत मरतोच. जगला तर चिंता मिटली. मोतीला आयुष्यात पहिल्यांदा दोरी लागली. तो रात्रभर रडत असे. आई दुरूनच त्याच्यापुढे भाकरी सरकवी. गल्लीतले लोक जाता-येता आत डोकावून पाहत: पाणी पितो का? लाळ गळते का? मी दर सकाळी डोळे उघडताच आधी परसात धावत असे.

वडील रोज त्या मुलाला सायकलच्या दांडीवर बसवून दवाखान्यात नेत. चौथ्या दिवशी काकू दारात आल्या. त्या कधी मोठ्याने बोलत नसत. त्या दिवशीही बोलल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, “मास्तर, कुत्रा तुमचा, अन् सुया माझ्या पोराच्या पोटात.”

वडिलांनी उत्तर दिले नाही. ते आत आले आणि बराच वेळ भिंतीकडे तोंड करून बसले. त्यांचा तो परकोटाचा विनोद मी पुन्हा कधी ऐकला नाही.

मोती वाचला. मुलगाही वाचला, आज तो नातवंडांचा आजोबा आहे. अकराव्या दिवशी वडील बाजारात गेले आणि पितळी कडीचा पट्टा व साखळी घेऊन आले. मोती त्यानंतर सात वर्षे जगला. तटावर आम्ही जातच होतो. फक्त साखळीचे एक टोक माझ्या हातात असे. मला तेव्हा ती शिक्षा वाटली, मोतीलाही वाटली असावी.

पुढे इतिहास वाचू लागलो तेव्हा कळले की हा तंटा आमच्या गल्लीपुरता नव्हता. १८३२ साली मुंबईत याच गोष्टीवरून दंगल झाली होती. उन्हाळ्यात मोकाट कुत्री मारण्याचा सरकारी रिवाज होता आणि मारणाऱ्याला दर कुत्र्यामागे बक्षीस मिळे. त्या साली ही मुदत जूनच्या मध्यापर्यंत वाढवली. बक्षिसाच्या लोभाने शिपाई ओट्यावरची, घरातली, मालकांची कुत्रीसुद्धा ओढून नेऊ लागले. पारशी धर्मात कुत्र्याला पवित्र स्थान आहे. ६ जूनला कोटात पारशांनी शिपायांना झोडपले. दुसऱ्या दिवशी हरताळ पडला, हिंदू आणि जैन व्यापारीही त्यात आले, आणि कुलाब्याच्या गोऱ्या पलटणीची रसद अडली. अखेर फौज आणावी लागली. दोनच वर्षांनी, १८३४ मध्ये, जमशेटजी जीजीभाई आणि अमीचंद शहा यांनी मुंबईचा पांजरापोळ काढला. मारण्याऐवजी या जनावरांना ठेवायचे कुठे, या प्रश्नाला शहराने दिलेले ते पहिले उत्तर.

या दंगलीतली एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. सरकारने कुत्र्याकडे पाहिले, मालकाकडे पाहिलेच नाही. कोणाचा कुत्रा, हा प्रश्नच कोणी विचारला नाही. सरसकट सोटा चालवला. पुढे १८६० मध्ये इंडियन पिनल कोड झाला, त्यात मात्र २८९ व्या कलमाने बोट मालकाकडे वळवले. आपल्या ताब्यातल्या जनावरापासून माणसाला धोका पोचू नये म्हणून पुरेशी काळजी घेतली नाही, तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड. १ जुलै २०२४ पासून त्या जागी भारतीय न्याय संहितेचे २९१ वे कलम आले. दंड पाच हजारांपर्यंत वाढला, तत्त्व तेच राहिले. १९६६ साली काकू चौकीवर गेल्या असत्या, तर माझे वडील गुन्हेगार ठरू शकले असते. त्या गेल्या नाहीत. शेजाराच्या भलेपणावर आपली किती बेफिकिरी तगून राहते!

शहरात सुटलेल्या कुत्र्याची किंमत माणूस देतो. आमच्या जिल्ह्यांत ती जंगलही देते, आणि हे बाहेरच्यांना सहसा ठाऊक नसते. गोंड-माडियांच्या पाड्यावर कुत्रा जुना सोबती. गोंडीत त्याला ‘नै’ म्हणतात. कानडीतल्या ‘नायी’चा हा भाऊ. पूर्वी पारधीला, गुरांमागे, मोहफुले वेचायला, सगळीकडे तो बरोबर. १९७२ च्या कायद्याने शिकार बंद झाली. कुत्र्याला ते कोणी सांगितले नाही. तो अजून चितळाच्या पाडसामागे धावतो. ताडोबाच्या जंगलात, जिथे १९५५ मध्ये महाराष्ट्रातले पहिले राष्ट्रीय उद्यान झाले, तिथे त्याचा रानटी भाऊबंद राहतो: रानकुत्रा, म्हणजे जुन्या लोकांचा कोळसून. हा भुंकत नाही. शीळ घालून कळपाला बोलावतो. गावचा कुत्रा आणि कोळसून एका पाणवठ्यावर येतात, आणि गावच्या कुत्र्याबरोबर डिस्टेंपरसारखे रोग रानात शिरतात. १९९४ मध्ये आफ्रिकेतल्या सेरेंगेटीचे सुमारे एक तृतीयांश सिंह या डिस्टेंपरने मेले. २०१८ मध्ये गीरच्या दलखाणिया भागात वीसहून अधिक सिंह दगावले, त्यांतल्या काहींतही हाच विषाणू सापडला. ताडोबाचा वाघ या रोगाला अपवाद नाही. म्हणून कुत्र्याला टोचलेली एक लस केवळ कुत्र्याची नसते. ती वाघाचीही असते.

उलट दिशेनेही हीच वाट चालते. बिबट्याला कुत्रा फार आवडतो; खाण्यासाठी. चंद्रपूरच्या वीज केंद्राच्या आणि कोळसाखाणींच्या आसपास झुडपे माजलेली, कचऱ्याचे ढीग, ढिगांवर कुत्री. मग कुत्र्यांमागे बिबट्या येतो आणि एखाद्या अभागी संध्याकाळी त्याच्या वाटेत माणूस येतो. २०२२ च्या फेब्रुवारीत दुर्गापूर भागात असाच जीव गेला, तेव्हा साऱ्या शहराच्या तोंडचे पाणी पळाले. बिबट्याला शिव्या सगळ्यांनी दिल्या. उष्ट्याच्या पिशव्या रस्त्यावर टाकणाऱ्या हातांना कोणी दिल्या नाहीत.

देशात कायदाही पुढे सरकला आहे. २००१ च्या आणि मग २०२३ च्या नियमांनी ठरवले की रस्त्यावरची कुत्री मारायची नाहीत. पकडून नसबंदी करावी, लस टोचावी आणि जिथली तिथे सोडावी. पाळीव कुत्र्याची लस आणि नसबंदी ही मात्र मालकाची जबाबदारी. २०२५ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने आधी दिल्लीची कुत्री निवाऱ्यांत हलवायला सांगितले, आणि अकराच दिवसांनी तो हुकूम सौम्य केला: लस टोचून परत सोडा, पिसाळलेली व अंगावर येणारी सोडू नका, आणि खाऊ घालायचे तर ठरवून दिलेल्या जागी घाला. नोव्हेंबरात शाळा, इस्पितळे, बस व रेल्वे स्थानके यांची आवारे कुत्र्यांपासून मोकळी करण्याचा आदेश निघाला. घराघरांत यावर भांडणे झाली. एका पक्षाला कुत्री नकोत, दुसऱ्याला ती पोटच्या पोरांसारखी. १८३२ चीच दोन टोके! पण मधली वाटही आपल्या शेजारीच आहे. गोव्यात वर्षानुवर्षे घरोघर, वाडोवाडी फिरून कुत्र्यांना लस टोचली आणि २०२१ मध्ये गोवा रेबीज-नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झाला. शंभरांतल्या सत्तर कुत्र्यांना लस मिळाली की रोगाची साखळी तुटते, असे शास्त्र सांगते. सोट्याने जे साधले नाही ते सुईने साधले.

लस आता दंडात घेतात, आणि चार-पाच खेपांत काम होते. पोटातली चौदा इंजेक्शने २००४ नंतर इतिहासजमा झाली. कुत्रे चावलेच तर जखम पाव तास साबण-पाण्याने धुवावी आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा. हळद-चुना लावत बसू नये. हे वाक्य निबंधात शोभत नाही, ठाऊक आहे. पण ते वाचून एक मूल जरी वाचले तरी माझ्या लेखणीचे सार्थक झाले असे मी म्हणेन.

आता सुरुवातीला राखून ठेवलेली गोष्ट. पुन्हा त्या दंतकथेकडे पाहा. कुत्रा मोकळा धावला, हे सारे चांदा सांगतो. माझे वडीलही तेवढेच सांगत. पण कुत्र्यामागे ससा होता आणि सशामागे घोड्यावर बसलेला राजा होता! त्याने धाव पहिल्यापासून अखेरपर्यंत पाहिली, घरी येऊन ती राणीला सांगितली, आणि राणीने धोक्याच्या जागी बुरूज घालायला लावला. कुत्र्यामागे मालक होता म्हणून त्या धावेचे शहर झाले. मागे कोणी नसते, तर रानात एक ससा मेला असता, एवढेच. मोती धावला तेव्हा त्याच्यामागे कोणी नव्हते. मी होतो, पण नुसता पाहत होतो.

आपल्या देवादिकांनीही हेच केले आहे. नामदेवांची पोळी कुत्र्याने पळवली, तर ते तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले. दत्ताच्या पायांशी चार कुत्री, खंडोबाबरोबर कुत्रा. युधिष्ठिराने तर मागे लागलेल्या कुत्र्याला टाकून स्वर्गात जायचे नाकारले. कुत्र्यावर माया करायला आम्हांला कोणी शिकवायला नको. त्या मायेला जबाबदारीची कडी जोडणे, तेवढेच बाकी आहे.

नरकचतुर्दशीला आपण पहाटे अभ्यंगस्नान करतो, त्याच सुमारास नेपाळात कुत्र्यांची पूजा असते. त्यांच्या कपाळी टिळा लावतात, गळ्यात झेंडूची माळ घालतात, गोडधोड देतात. आमच्याकडे त्याच वेळी फटाक्यांनी भ्यालेली कुत्री कुठल्या कुठे पळत असतात. यंदा माझ्या नातीने घरच्या कुत्रीला, तिचे नावही तिने मोतीच ठेवले आहे, लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी आतल्या खोलीत ठेवायचे ठरवले आहे. दार लावून, जवळ बसून. लशीचा कागद देव्हाऱ्याशेजारच्या कपाटात आहे. पाडव्याच्या सकाळी आम्ही तिघे जटपुऱ्याकडच्या तटावर जाऊ. साखळीचे टोक नातीच्या हातात असेल. शेजारच्या काकू आता नाहीत. पण त्यांचा मुलगा त्याच घरात राहतो. तो ओट्यावर असला तर मोतीला हाक मारतो आणि पायजमा वर करून पोटरीवरचा जुना व्रण हसत हसत नातीला दाखवतो. नात दरवेळी साखळी एक वेढा आखूड करते.